चार कप्प्यांत न मावणारा अनुभव: नर्सिंग संशोधनात फिनॉमिनॉलॉजीने विश्लेषण कसे करावे

सिंधुदुर्गातल्या एका एम.एस्सी. नर्सिंगच्या विद्यार्थिनीने विचारले आहे: हिमोडायलिसिसवर (मशीनने रक्त शुद्ध करण्याच्या उपचारावर) असलेल्या दहा जणांच्या मुलाखती घेतल्या, कोलायझी या संशोधकाच्या विश्लेषण-पद्धतीच्या सातही पायऱ्या केल्या आणि शेवटी चार थीम हाती आल्या. शारीरिक त्रास, मानसिक ताण, आर्थिक ओढाताण, कुटुंबाचा आधार. गाईड म्हणतात, ही फिनॉमिनॉलॉजी, म्हणजे अनुभव जगणाऱ्याला तो कसा भेटतो याचा अभ्यास, नव्हे. पायऱ्या पाळूनही असे का झाले आणि आता काय करायचे?

तुमचे गाईड बरोबर सांगत आहेत, आणि ही अडचण तुमच्या एकटीची नाही. मी आधी डायलिसिस युनिटमध्ये स्टाफ होते, पुढे शिकवायला लागले आणि आता असे प्रबंध वाचणे हे माझे नेहमीचे काम आहे. कर्करोग असो, पक्षाघात असो, मधुमेहाने पाय गेलेला माणूस असो, हेच चार कप्पे पुन्हा पुन्हा भेटतात. एक साधी कसोटी लावून बघा. तुमच्या निष्कर्षांच्या प्रकरणात जिथे जिथे ‘डायलिसिस’ आहे तिथे ‘केमोथेरपी’ लिहा. प्रकरण तसेच्या तसे वाचता आले, तर डायलिसिसवर जगणे म्हणजे काय हे त्यात अजून आलेलेच नाही.

हे कप्पे रुग्णांनी दिलेले नाहीत. पहिल्या वर्षापासून आपण केअर प्लॅन लिहितो, त्यात शारीरिक, मानसिक, सामाजिक, आध्यात्मिक गरजा क्रमाने भरतो. वॉर्डात ही सवय फार मोलाची आहे, तिच्यामुळे रुग्णाचे काही नजरेतून सुटत नाही. पण संशोधनाला बसताना तीच चौकट मनात असली की रुग्णाचे वाक्य पुरते ऐकून होण्याआधीच त्याची वर्गवारी होऊन जाते. तुमच्या प्रबंधात ब्रॅकेटिंगचा परिच्छेद असेलच, ‘संशोधिकेने आपले पूर्वग्रह बाजूला ठेवले’ अशा अर्थाचा. त्यात नेमके कोणते पूर्वग्रह बाजूला ठेवले ते लिहिले आहे का? आणि ही केअर प्लॅनची चौकट त्या यादीत आहे का? बहुतेक प्रबंधांत नसते. आपण स्वतःच्या भावनांची नोंद करतो, पण आपल्या शिक्षणाने दिलेली नजर आपल्याला पूर्वग्रह वाटतच नाही, आणि सगळ्यांत जास्त काम तीच करत असते.

इथे थोडे तत्त्वज्ञान टाळता येत नाही. विद्यार्थी ते पहिल्या प्रकरणात उतरवून काढतात आणि विश्लेषणाला बसताना विसरतात, म्हणून त्याचा विश्लेषणाशी संबंध काय तेवढेच सांगते.

एडमंड हुसर्लचे (१८५९–१९३८) म्हणणे असे की रोजच्या जगण्यात आपण जग गृहीत धरून चालतो. पाणी म्हणजे पाणी, घर म्हणजे घर, हात म्हणजे हात. या गृहीत धरण्याला त्याने नैसर्गिक भूमिका म्हटले आणि ती काही काळ थांबवायला सांगितली. या थांबवण्याला एपोखे म्हणतात. ब्रॅकेटिंग, म्हणजे कंसात ठेवणे, हा शब्द गणिताच्या अभ्यासातून आलेल्या या माणसाला शोभेलसाच आहे: कंसातली गोष्ट पुसलेली नसते, तिच्यावरची क्रिया वेगळी ठेवलेली असते. दुसरी गोष्ट, जाणीव ही नेहमी कशाची तरी जाणीव असते. नुसती ‘वेदना’ किंवा नुसता ‘ताण’ असा सुटा अनुभव नसतो. तहान लागते ती कुठल्या तरी घरात, कुणाच्या तरी समोर, कुठल्या तरी तांब्याकडे बघून लागते. म्हणून आपला प्रश्न ‘तहान का लागते’ हा नाही, त्याचे उत्तर नेफ्रॉलॉजीच्या पुस्तकात आहे. ‘तहान या माणसाला कशी भेटते, आणि ती भेटली की त्याच्या जगात काय बदलते’ हा आपला प्रश्न.

एपोखेचा अर्थ कोरडेपणाने ऐकणे असा घेऊ नका. आपल्या भागातले उदाहरण घ्या. रुग्ण सांगतो की किडनी गेली तेव्हा आधी देवाला कौल लावला, म्हणजे देवाचे मत विचारले, गावाच्या राखणदाराला नारळ दिला, मग दवाखान्यात आलो. इथे नर्सचा हात लगेच समासात लिहितो: ‘अंधश्रद्धा’. थोडी सौम्य असेल तर लिहिते: ‘आध्यात्मिक कोपिंग’, म्हणजे श्रद्धेच्या आधाराने त्रासाशी जुळवून घेणे. दोन्ही निकाल आहेत. एपोखेत राखणदार आहे की नाही हा प्रश्न बंद असतो, आणि हे लक्षात असू द्या की ‘ब्लड प्रेशरकडे दुर्लक्ष केल्याने किडनी गेली’ हे आपले खात्रीचे कारणही तितकेच बंद असते. मग उरते ते बघायचे: कौल मिळाल्यावर सुई टोचून घेताना त्या माणसाला काय वेगळे वाटले? खुर्चीत बसल्यावर तो कुणाच्या हवाली असतो? गावाची राखण करणाऱ्याची हद्द दवाखान्याच्या दारापर्यंत येते का? यातले एकही ‘कोपिंग’ या शब्दात सापडत नाही.

आता दुसरे घराणे. हुसर्लचा शिष्य मार्टिन हायडेगर याने १९२७ मध्ये वेगळी बाजू मांडली. माणूस जगाबाहेर उभा राहून जगाकडे बघत नाही, तो आधीच त्यात गुंतलेला असतो, आणि त्याची आधीची समज पूर्ण काढून ठेवता येत नाही. पुढे हान्स-गेओर्ग गादामरने १९६० मध्ये म्हटले की पूर्वग्रह ही समजण्याची सुरुवातच असते, ती तपासत तपासत पुढे जायचे. या वाटेने, म्हणजे अर्थनिर्णयाच्या (इंटरप्रिटिव्ह) फिनॉमिनॉलॉजीने, गेलात तर ‘मी पूर्वग्रह बाजूला ठेवले’ असे लिहिणे विसंगत ठरते. तिथे तुम्ही लिहायला हवे की मी डायलिसिस नर्स आहे, माझी समज ही अशी होती, आणि मुलाखतींनी ती इथे इथे हलवली.

प्रबंधांतला सर्वांत मोठा गोंधळ मला इथे दिसतो. पहिल्या प्रकरणात हायडेगर, तिसऱ्यात ब्रॅकेटिंग, विश्लेषणाला कोलायझी आणि चर्चेत ‘अर्थनिर्णय’. परीक्षकाने व्हायवामध्ये (तोंडी परीक्षेत) एकच प्रश्न विचारला तरी हे सगळे ढासळते. कोलायझीची १९७८ ची पद्धत हुसर्लच्या वर्णनात्मक बाजूची आहे. अमेडिओ जॉर्जी यांची पद्धतही त्याच बाजूची, आणि पिट्सबर्गच्या ड्यूकेन विद्यापीठातल्या त्याच परंपरेतली. दुसऱ्या बाजूला मॅक्स व्हॅन मानेन आहेत, नर्सिंगमध्ये पॅट्रिशिया बेनर आहेत, ज्यांनी १९८४ मध्ये नवखी नर्स तज्ज्ञ कशी होते याचा अभ्यास याच अर्थनिर्णयाच्या अंगाने मांडला. जोनाथन स्मिथ यांची १९९० च्या दशकातली पद्धत, जिला आपल्याकडे सगळे आयपीए (इंटरप्रिटेटिव्ह फिनॉमिनॉलॉजिकल अॅनालिसिस) म्हणतात, तीही अर्थनिर्णयाची. तुम्ही कोलायझी घेतला आहे, तर तो सोडू नका, पण पहिल्या प्रकरणातला हायडेगर काढा. प्रबंध लहान होईल आणि उभा राहील.

मायकेल क्रॉटी यांनी १९९६ मध्ये नर्सिंगमधल्या फिनॉमिनॉलॉजीवर टीका केली होती. परिचारिकांचे हे संशोधन लोकांच्या व्यक्तिगत प्रतिक्रिया गोळा करून थांबते, खुद्द अनुभवाच्या वस्तूपर्यंत जात नाही, हा तिचा गाभा. सगळी टीका मला मान्य नाही. रुग्णाचा आवाज ऐकणे हीच जिथे दुर्मीळ गोष्ट होती तिथे त्या अभ्यासांनी खूप काही दिले. पण तुमच्या चार थीमना ती लागू पडते, आणि तुमचे गाईड तेच सांगत आहेत.

विश्लेषणाआधी मुलाखतीकडे बघू, कारण मूळ तिथेच आहे. तुमचा मुख्य प्रश्न काय होता? ‘डायलिसिसमुळे तुम्हाला काय काय समस्या येतात?’ असा असेल तर उत्तर समस्यांची यादीच येणार. माणसे सिस्टरला जे ऐकायचे आहे ते देतात. आपल्याकडे तर आधी ‘बरा असा’ म्हणण्याची रीत आहे, आणि तक्रार सांगायला लावली तर ती दवाखान्याच्या भाषेत सांगतात: अशक्तपणा, पाय ओढतात, खर्च. त्याऐवजी एकच घडलेला प्रसंग मागा. ‘मागच्या डायलिसिसच्या दिवशी सकाळी उठल्यापासून काय काय झाले ते सांगा.’ ‘शेवटची जोराची तहान लागली ती कधी? कुठे बसला होता? कोण होते?’ मालवणी माणसाला गजाल, म्हणजे गप्पांतली गोष्ट, सांगायची हौस असते, ती इथे वरदान आहे. फक्त गजाल हळूहळू ‘आमच्याकडे असाच असता’ या सर्वसाधारण विधानावर जाते, किंवा शेजारच्या खुर्चीवरल्या माणसाच्या गोष्टीत शिरते. तेव्हा हळूच परत आणायचे: ‘आणि तुमचा त्या दिवशी काय झाला?’

मुलाखत कुठे घेतली यानेही फरक पडतो. डायलिसिस चालू असताना, खुर्चीवर, शेजारी दुसरा रुग्ण पडद्याशिवाय ऐकत असताना घेतलेली मुलाखत मी प्रबंधात मान्य करायला कचरते. साधारण चार तासांच्या डायलिसिसमध्ये शेवटच्या टप्प्यात बीपी उतरते, पेटके येतात, तेव्हा माणूस बोलण्याच्या अवस्थेत नसतो. शिवाय सुई टोचणारी आणि प्रश्न विचारणारी एकच असेल तर युनिटबद्दल तो खरे कसे बोलेल? घरी गेलात तर पत्नी शेजारी होती की चुलीपाशी, हेही ट्रान्सक्रिप्टमध्ये (मुलाखतीच्या शब्दशः लेखी नोंदीत) लिहा. ते वातावरण नव्हे, तो डेटाच आहे.

आता मुख्य काम. खालची वाक्ये मी समजावून सांगण्यासाठी रचलेली आहेत, कुणा रुग्णाची नाहीत.

‘सकाळची पेज सुदा आता मोजून पिवची लागता. तान लागली की मी बायलेच्या तोंडाकडे बघतंय. एक घोट घेव काय म्हणान इचारूचा लागता, आपल्याच घरात.’

कोलायझीची पहिली पायरी, सगळ्या मुलाखती पुन्हा पुन्हा वाचणे. दुसरी, अर्थपूर्ण विधाने वेगळी काढणे. इथपर्यंत बहुतेक जण ठीक येतात. तिसरी पायरी म्हणजे प्रत्येक विधानाचा अर्थ शब्दांत मांडणे, आणि गाडी इथेच रुळावरून उतरते. बोललेल्यातून अभिप्रेत असलेल्याकडे जायची ही झेप आहे आणि कोलायझी स्वतःही ती जोखमीची मानतो. घाईतली विद्यार्थिनी लिहिते: ‘रुग्णास द्रवपदार्थांच्या निर्बंधाचा त्रास होतो.’ ते शारीरिक कप्प्यात जाते. मग पुढचा तुकडा: ‘पत्नी पथ्याकडे लक्ष देते.’ ते कुटुंबाच्या आधारात. एक सलग बोलणे दोन ठिकाणी वाटले गेले आणि माणसाने जे सांगितले ते मधल्या मध्ये हरवले.

सावकाश बघा. पेज हे त्याचे खाणे आहे. उकड्या तांदळाची पेज म्हणजे इथल्या माणसाची सकाळ. डायलिसिसवर गेल्यावर तीच पेज द्रव म्हणून मोजली जाते. म्हणजे दिवसाचा पहिला घासच हिशेबात आला. तहान ही शरीराची अगदी खासगी मागणी, जी लागते आणि भागते, मध्ये कुणी नसते. आता मध्ये एक चेहरा आला आहे. तो आधी पाण्याकडे बघत नाही, बायकोच्या तोंडाकडे बघतो. आणि ‘आपल्याच घरात’ हे शेवटचे शब्द तक्रार म्हणून ऐकू नका, ती जागेबद्दलची माहिती आहे. घर तेच आहे, पण त्यात हात लांबवण्याचा हक्क बदलला आहे.

मग अर्थ असा लिहिता येईल: ‘तहान भागवणे ही स्वतःच्या हातातली गोष्ट राहत नाही. ती घरातल्या जवळच्या माणसाच्या संमतीतून जाते आणि त्यामुळे काळजी घेणारी व्यक्तीच राखणीला बसलेली वाटू लागते.’ यातला शेवटचा भाग बघा. राखणीला बसल्यासारखे त्याने म्हटले का? नाही. ‘इचारूचा लागता’ यात त्याचा आधार आहे, पण तो पातळ आहे. अशा वेळी मी त्या ओळीसमोर खूण करून ठेवायला सांगते आणि त्याच मुलाखतीत दुसरीकडे आधार मिळतो का बघायला सांगते. सापडला तर ठेवायचे, नाहीतर कितीही सुंदर वाक्य असले तरी काढायचे. अर्थ नेहमी विधानाला बांधलेला हवा. प्रत्येक अर्थापुढे मुलाखतीचा क्रमांक आणि ओळ लिहिण्याची शिस्त यासाठीच आहे.

दुसरे वाक्य घ्या. ‘ह्यो हात आता माझो वाटत नाय. रात्री कानाक लावन आयकतंय, वाजता काय नाय ता.’

आपल्याला माहीत आहे की हा फिस्टुलाचा हात. धमनी आणि नीला जोडल्यामुळे तिथे थरथर जाणवते, कान लावला तर घरघर ऐकू येते, आणि ती रोज तपासायला आपणच शिकवलेले असते. त्या हातावर बीपी घ्यायचे नाही, रक्त काढायचे नाही, जड ओझे उचलायचे नाही. त्यामुळे कोड, म्हणजे वाक्याला द्यायचे छोटे नाव, लगेच सुचतो: ‘फिस्टुलाची काळजी नीट घेतो.’ कोड खोटा नाही, पण तो नर्सच्या बाजूने बघितलेला आहे. मॉरिस मेर्लो-पाँटीने १९४५ मध्ये शरीराबद्दल जे मांडले ते इथे कामाला येते. धडधाकट असताना शरीर आपल्याला दिसत नाही, त्याच्यातून जग दिसते. रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) ओढणारा माणूस हाताकडे बघत नाही, दोराकडे आणि पाण्याकडे बघतो. आता हात स्वतःच बघण्याची, किंबहुना ऐकण्याची वस्तू झाला आहे. तो आपला वाटत नाही, आणि तरी जीव त्याच हातावर टांगलेला आहे. या दोन गोष्टी एकत्र आल्या हा अनुभव. ‘शरीरप्रतिमेतील बदल’ असे लिहिले की दुसरी बाजू पुसली जाते.

चौथी पायरी अर्थांचे गट करून थीम बांधणे. इथे थीमचे नाव नामाऐवजी छोट्या वाक्यात द्या. ‘कुटुंब’ हे थीमचे नाव होत नाही, तो विषय आहे. ‘तहान विचारून भागवावी लागते’ ही थीम आहे, कारण तिच्यात काही घडते आहे. ‘परका झालेला हात आणि त्यावरच अवलंबून जीव’ हीसुद्धा.

व्हॅन मानेन यांनी १९९० मध्ये जगलेल्या अनुभवाकडे बघण्याच्या चार बाजू सांगितल्या: जगलेले शरीर, जगलेली जागा, जगलेला वेळ आणि जगलेले नाते. त्या तुम्ही वाचताना प्रश्न म्हणून वापरू शकता, कोलायझीला त्याने धक्का लागत नाही. वेळेबद्दल विचारा. आठवड्याला तीन पाळ्या असतील तर सोमवार, बुधवार, शुक्रवार मशीनचे आणि मधला दिवस अंग सावरण्याचा, मग आपला दिवस कोणता? डायलिसिसची वेळ घड्याळाने ठरते की परतीच्या एस.टी.ने? पावसाळ्यात तोच घाटरस्ता, तीच वाडीतून मुख्य रस्त्यापर्यंतची चाल, हे अंतर तेवढेच राहते का? नात्याबद्दल विचारा. मुंबईला असलेला मुलगा फोनवर पहिल्यांदा काय विचारतो? दोन डायलिसिसच्या मध्ये वजन किती वाढले हा आकडा आता बापलेकांच्या बोलण्यात आला असेल, तर तो आकडा तिथे नेमके काय करतो? शहाळे, सुके मासे, लोणचे, सोलकढी यांची नावे नुसत्या पथ्याच्या यादीत आली की पाहुणा आल्यावर समोर धरलेले शहाळे नाकारताना आली, याने सगळा फरक पडतो. पोटॅशियममुळे शहाळे नको हे आपण सांगतो. ते नाकारताना माणूस कुणाला काय नाकारतो, ते तो सांगेल. मात्र या चार बाजू थीमची शीर्षके म्हणून उतरवू नका. तसे केले तर जुने चार कप्पे गेले आणि नवे चार आले, एवढेच होईल.

थीम बांधल्या की त्या सोलून बघायला हव्यात. हुसर्लच्या परंपरेत कल्पनेने बदल करून बघण्याची रीत आहे, आणि आपल्या प्रबंधांत ती मला जवळपास दिसतच नाही, याचे फार वाईट वाटते. रीत अवघड नाही. ‘तहान विचारून भागवावी लागते’ यात बायकोच्या जागी सून ठेवा. अनुभव टिकतो का? एकटा राहणारा रुग्ण घ्या, त्याला विचारायला कुणी नाही. मग विचारणे गेले, पण तो तांब्यावर रेघ मारून ठेवत असेल, किंवा सिस्टरचे बोलणे आठवून हात मागे घेत असेल. म्हणजे बायको हा गाभा नव्हता. गाभा हा की तहान आणि पाणी यांच्या मध्ये काहीतरी कायमचे येऊन बसले आहे. तुमच्या दहांपैकी कुणी असा एकटा असेल तर त्याची मुलाखत सगळ्यांत आधी उघडा. थीमच्या विरोधात जाणारा माणूस इथे अडथळा नसतो, तोच गाभ्यापर्यंत नेतो.

पाचवी पायरी सर्वंकष वर्णन, सहावी त्याची मूलभूत रचना. पाचवी प्रवाही गद्यात लिहा, तक्त्यात नाही. सहावी एका परिच्छेदात बसली पाहिजे, आणि ती वाचून डायलिसिसवरच्या माणसाने ‘होय, हे माझे’ म्हणावे आणि डायलिसिस न पाहिलेल्या माणसाला ते कळावे. सातव्या पायरीत हे घेऊन सहभागींकडे परत जायचे. जॉर्जींना ही पायरी मान्य नव्हती. त्यांच्या मते माणूस अनुभव नैसर्गिक भूमिकेत जगतो, विश्लेषण वेगळ्या भूमिकेतून होते, म्हणून विश्लेषणाचा न्याय त्याने करावा ही अपेक्षा चुकीची. मुद्द्यात जोर आहे. पण तुम्ही कोलायझी घेतला असेल तर सातवी पायरी करायलाच हवी, आणि आपल्याकडे ती नीट करायची तर छापील कागद हातात देऊन सही घेण्याने होत नाही. वाचून दाखवा, मालवणीत सांगा, आणि ‘बरोबर आहे ना?’ असे विचारू नका. ‘यात तुमचा काय राहिला?’ असे विचारा. पहिल्या प्रश्नाला सगळे हो म्हणतात.

भाषेबद्दल एकच: विश्लेषण मूळ मालवणी ट्रान्सक्रिप्टवर करा. इंग्रजीत प्रबंध असला तरी भाषांतर फक्त प्रबंधात उद्धृत करायच्या वाक्यांचे, तेही शेवटी.

सिनॉप्सिसचा (प्रबंधाच्या प्रस्तावाचा) नमुना बहुधा संख्यात्मक संशोधनासाठी बनलेला असतो. त्यात हायपोथिसिस, कन्सेप्चुअल फ्रेमवर्क, टूलची व्हॅलिडिटी, रिलायबिलिटी असे रकाने येतात आणि विद्यार्थिनी ते घाबरून भरतात. हायपोथिसिसच्या रकान्यात ‘लागू नाही’ असे लिहून खाली दोन ओळींत कारण द्या. रॉय किंवा ओरेम या नर्सिंगच्या सिद्धांतकारांचे मॉडेल फ्रेमवर्क म्हणून घेतले की तुम्ही एपोखेच्या आधीच उत्तराची चौकट निवडली. तज्ज्ञांकडून मुलाखतीचे प्रश्न तपासून घ्यायला हरकत नाही. दोन कोडर किती टक्के जुळले हा आकडा मात्र इथे काही सिद्ध करत नाही. त्याऐवजी लिंकन आणि गूबा यांचे १९८५ चे निकष आहेत: विश्वासार्हता, दुसरीकडे लागू करता येण्याची शक्यता, सुसंगतता, पडताळणीयोग्यता. तुमची रिफ्लेक्सिव्ह डायरी (स्वतःच्या विचारांची आणि पूर्वग्रहांची नोंदवही), प्रत्येक अर्थामागची विधानाची ओळ आणि बदललेल्या थीमच्या तारखा हेच तुमचे पुरावे. ‘सॅच्युरेशन झाले’, म्हणजे नवे काही मिळेनासे झाले, हे वाक्यही विचार करून लिहा. ती कल्पना ग्लेसर आणि स्ट्रॉस यांच्या १९६७ च्या ग्राउंडेड थिअरी या वेगळ्या, डेटातून सिद्धांत उभारणाऱ्या पद्धतीतून आलेली आहे. फिनॉमिनॉलॉजीत दहा माणसे पुरेशी का, याचे उत्तर प्रत्येकाचे वर्णन किती दाट आहे यावरून द्यायचे. दाट वर्णनाच्या सहा मुलाखती मला पातळ पंधरांपेक्षा चांगल्या वाटतात.

गोपनीयतेवर मला जोर द्यायचा आहे. मुंबईत ‘५४ वर्षांचा पुरुष, मासेमार, डायलिसिसवर’ असे लिहिले तर कुणी ओळखत नाही. एका तालुक्यात एकच डायलिसिस युनिट असेल तर एवढ्यावरून वाडीचे नाव कुणीही सांगेल. आणि तुमच्या प्रबंधात त्याने बायकोबद्दल, मुलाबद्दल, कर्जाबद्दल बोललेले असते. टोपणनाव पुरत नाही. गाव आणि तालुका काढा, धंदा जवळपासचा दुसरा लिहा, वय दशकात लिहा. प्रसंग इतका खास असेल की लपणारच नाही, तर तो मुलाखत देणाऱ्याला दाखवून पुन्हा संमती घ्या. आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे गोपनीयतेची जबाबदारी संशोधकावर टाकतात, पण आपल्या भागात ती पाळायला नियमापेक्षा जास्त काळजी लागते.

आता तुमच्या हातातल्या कामाचे. थीम फेकून द्या, ट्रान्सक्रिप्ट ठेवा. सगळ्यांत सविस्तर बोललेली एक मुलाखत घ्या आणि दुसरीला हात न लावता तिच्यावरच दुसरी आणि तिसरी पायरी पुन्हा करा. त्या एका माणसाचे वर्णन दोन पानांत लिहा आणि गाईडना दाखवा. तिथे दिशा बरोबर आहे असे ठरले की मग पुढची. त्या आधी ब्रॅकेटिंगसाठी एक संध्याकाळ द्या: डायलिसिसच्या रुग्णाबद्दल तुम्हाला जे जे ठाम माहीत आहे ते लिहून काढा, ‘पथ्य पाळत नाहीत’ या वाक्यासकट. वाचताना ती यादी शेजारी ठेवा आणि अर्थ लिहिताना तो ट्रान्सक्रिप्टमधून आला की यादीतून, हे प्रत्येक वेळी बघा.

मुलाखती समस्यांच्या यादीच्या निघाल्या, आणि मला वाटते काही तशा असतील, तर त्यांच्यातून ओढून-ताणून अर्थ काढू नका. ज्यांच्याकडे सांगण्यासारखे दिसते अशा चार-पाच जणांकडे पुन्हा जा आणि एकेक प्रसंग विचारा. दुसऱ्या फेरीचा उल्लेख मूळ प्रस्तावात नसेल तर एथिक्स कमिटीकडे आधी दुरुस्तीचा अर्ज द्या, संमतीही नव्याने घ्या. डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊ नका, माणूस गळालेला असतो, दुपार बरी. आणि गणपतीचे दिवस सोडून तारखा ठरवा. तेव्हा चाकरमानी आलेले असतात, घर भरलेले असते, बायकोबद्दल आणि तहानेबद्दल बोलायला लागणारा एकांत त्या आठवड्यात कुणाच्याच घरी मिळत नाही.